तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे : रेव्हरंड नारायण वामन टिळक

कल्याणहून आपल्या भागाकडे दोन वाटा येतात. एक आगगाडीची. ती वासिंद, आसनगाव, आटगाव अशी स्थानके घेत कसाऱ्याला पोचते आणि थळ घाट चढून नाशिककडे जाते. दुसरी मोटारीची. ती मुरबाड ओलांडून माळशेज घाटाने वर चढते आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिळते. आपल्या महाविद्यालयातील निम्मे विद्यार्थी रोज यांपैकी कोणत्या तरी वाटेचा थोडा तुकडा तुडवतात. ज्यांच्या आयुष्याविषयी हा लेख आहे त्यांचे बालपण कल्याणात गेले, विद्या नाशिकला झाली आणि कर्मभूमी ठरली अहमदनगर. मराठी कवितेने त्यांना फुला-मुलांचे कवी म्हणून ओळखले, ख्रिस्ती मंडळीने संतकवी म्हणून मानले, आणि त्यांच्या जातभाईंनी बरीच वर्षे बाटगा म्हणून हिणवले. रेव्हरंड नारायण वामन टिळक ते हेच.

टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते लोकमान्य. तेही स्वाभाविकच आहे. दोघेही एकाच काळातले, दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही चित्पावन ब्राह्मण. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, तर नारायणरावांचा ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावचा. दोघांचेही देशावर आणि मराठी भाषेवर निस्सीम प्रेम होते. परंतु एकाने आपल्या परंपरेच्या भूमीवर पाय रोवून परकीय सत्तेशी झुंज घेतली, तर दुसऱ्याने सत्याच्या शोधात त्या भूमीची वेसच ओलांडली. वेस ओलांडणारा माणूस परका झाला का, हा प्रश्न त्या काळी महाराष्ट्राला पडला होता आणि आजही तो पुरता सुटलेला नाही. म्हणूनच हे चरित्र केवळ वाङ्मयाच्या अभ्यासक्रमापुरते ठेवून चालणार नाही.

नारायणरावांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने करडे. आई जानकीबाई मात्र भाविक आणि कवितेची आवड असलेल्या. मुलाच्या मनात देवाविषयीचे प्रेम आणि शब्दांचा नाद दोन्ही आईकडूनच आले. १८६८ ते १८७३ या काळात कल्याणला त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. आई अकाली गेली आणि त्या मुलाला घर घर वाटेनासे झाले. तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने संस्कृत आणि मराठी काव्याचे अध्ययन केले आणि पुढे शाळेत थोडे इंग्रजीही शिकून घेतले. पदवी नाही, परीक्षांची मोठी भेंडोळी नाहीत, पण काव्य मुखोद्गत आणि बुद्धी धारदार, अशी ही तयारी होती.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची पत्नी. सासरी आल्यावर ती लक्ष्मीबाई झाली. तिचा जन्म १८६८ चा, म्हणजे लग्नाच्या वेळी ती अगदीच पोरवयाची होती. तिच्या माहेरी सोवळ्याचा कहर. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस पाण्यातून काढल्याशिवाय घरात येत नसे, मग ते मीठ का असेना! अशा घरातली मुलगी, आणि पती असा की ज्याचे चित्त कधी एका ठिकाणी ठरले नाही. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातला जुळारी असे नाना उद्योग त्यांनी केले. गावे बदलली, बिऱ्हाडे बदलली. मनात आले की उठावे आणि चालू लागावे, हातात पैसा आला की तो कोणा गरजवंताला देऊन मोकळे व्हावे, हा त्यांचा खाक्या. घरी तेल-मीठ आहे की नाही याची चिंता लक्ष्मीबाईंनी करायची.

ही भटकंती केवळ पोटासाठी नव्हती. त्यांच्या मनाला एक वेगळीच तहान लागली होती. तो काळच तसा होता. इंग्रजी विद्या, छापखाने, आगगाडी आणि वर्तमानपत्रे यांनी महाराष्ट्राचे जुने जीवन मुळापासून हलवले होते. सुशिक्षितांत दोन तट पडत चालले होते. काहींना वाटे, नव्या शास्त्रांच्या उजेडात धर्म म्हणजे अडगळ. काहींना वाटे, जुने जे जे आहे ते ते सोने, त्याला हात लावाल तर देश बुडेल. प्रार्थनासमाजासारखी मंडळी मधला मार्ग शोधत होती. टिळकांना यांपैकी कोणतीच वाट पुरेशी वाटेना. देश उठायचा असेल तर आधी माणसे उठली पाहिजेत, आणि जातीच्या उतरंडीत दबलेली माणसे खऱ्या धर्मावाचून उठणार नाहीत, असे त्यांच्या मनाने घेतले. खरा धर्म कसा असावा याची काही तत्त्वे त्यांनी स्वतःशीच ठरवली होती. देव एक असावा आणि तो पित्यासारखा असावा. माणसामाणसांत जन्माने भेद नसावा. ज्ञान आणि भक्ती यांचा मेळ असावा. अशा धर्माची स्थापना आपणच करावी की काय, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

१८९१ च्या सुमारास ते नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी धरण्यासाठी ते आगगाडीने निघाले. त्या प्रवासात त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. गोरा माणूस आपल्याला आता बाहेर काढणार अशी अपेक्षा करावी, तो या गृहस्थांनी आदराने जागा करून दिली! बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर आले. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पदच वाटले. परंतु शब्द दिला होता म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेवता येईना. ज्या प्रश्नांची उत्तरे ते आजवर शोधत होते ती तिथे एकामागून एक समोर उभी राहिली, असे त्यांना वाटले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. टिळकांनी भावनेच्या भरात उडी घेतली नाही. त्यांनी वाचले, शंका काढल्या, ताडून पाहिले. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधील जस्टिन अॅबट यांच्याशी पत्रव्यवहार केला. हेच अॅबट पुढे महाराष्ट्रातील संतांच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आले. टिळकांना कोणी पैशाचे वा पदाचे आमिष दाखवले असेल म्हणावे, तर हिशेब उलटाच निघतो. मिळवण्यासारखे काही नव्हते. गमावण्यासारखे मात्र सारे होते. नोकरी, मान, जात, आप्त आणि घर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता आपल्याच देशातील एका पाळकाच्या हातून, हे त्यांनी आग्रहाने ठरवले होते. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच दाखवून दिले.

पण सत्य सापडलेला माणूस एकटा नव्हता. त्याच्यामागे एक संसार होता. ही बातमी लक्ष्मीबाईंच्या कानी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहानगा दत्तू, भोवती सोवळ्यातले नातेवाईक आणि गावभर चर्चा. नाशिक, जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आधाराने त्यांनी ती वर्षे काढली. त्यांनी अश्रू ढाळले, देवाला साकडे घातले, पतीवर रागावल्या आणि तरी पतीला विसरू शकल्या नाहीत. टिळकांच्या सत्यशोधाची पहिली किंमत टिळकांनी नव्हे, तर या निरपराध बाईने मोजली, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. थोर पुरुषांच्या चरित्रात हे पान सहसा दुमडून ठेवलेले असते. मराठीचे भाग्य असे की हे पान लक्ष्मीबाईंनी स्वतःच उलगडले.

१८६६ च्या एका कायद्याने अशा ख्रिस्ती झालेल्या माणसाला एक सोपी वाट खुली केली होती. धर्मांतरामुळे जोडीदार सोबत राहण्यास तयार नसेल तर न्यायालयामार्फत तो विवाह संपवून दुसरा करता येत असे. टिळकांनी त्या वाटेकडे पाहिलेही नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. अखेरीस लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या, पण आपला धर्म घेऊनच आल्या. टिळकांनी त्यांच्या सोवळ्याची, वेगळ्या चुलीची आणि वेगळ्या पाण्याची सोय करून दिली. एका गावात, एका संसारात दोन धर्म नांदू लागले. ज्या पुरुषाने सत्यासाठी सारे पणाला लावले, त्याने तेच सत्य पत्नीच्या गळ्यात बळेच बांधले नाही, हा या चरित्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

लक्ष्मीबाई बदलल्या त्या आपल्या बुद्धीने आणि आपल्या गतीने. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्या मनाशी उलगडा केला. जात माणसाने केली असे एकदा ठरल्यावर त्यांनी शिवाशिव सोडली, कोणाच्याही हातचे पाणी घेतले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मिठालाही सोवळे लावणाऱ्या घरातली ती मुलगी पुढे दुष्काळात पोरक्या झालेल्या, कोणत्याही जातीच्या मुलांना पोटाशी धरू लागली, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवा करू लागली. धर्मांतराची याहून मोठी कसोटी कोणती?

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे केंद्र होते. तेथे टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. परंतु तेथल्या ख्रिस्ती मंडळीत त्यांना एक गोष्ट सलू लागली. ख्रिस्ताबरोबर लोकांनी पाश्चात्त्यांचा पोशाख, पाश्चात्त्यांच्या चाली, त्यांच्या रिवाजांचाही स्वीकार केला होता. इंग्रजी रागदारीवर ओढूनताणून बसवलेली मराठी गीते ऐकून शेजारच्या वाडीतला शेतकरी दूरच राहत होता. टिळकांनी ओळखले की धर्म आणि संस्कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वास बदलला म्हणून आपल्या आईची भाषा, आपले सूर आणि आपली माती टाकून देण्याचे कारण नाही. उलट, ख्रिस्त मराठी माणसाच्या अंतःकरणात उतरायचा असेल तर तो टाळ-मृदंगाच्या नादावर, अभंगाच्या पायवाटेनेच उतरेल.

म्हणून त्यांनी कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती मंडळीत आणली. भजने रचली, अभंग रचले. त्यांची ‘अभंगांजली’ वाचताना छंद, लय आणि आर्तता वारकऱ्यांचीच आहे हे कोणाही मराठी वाचकाला जाणवते. आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल तुकारामांनी बांधला, असे ते मोकळेपणाने सांगत. या सांगण्याने दोन्हीकडचे कडवे लोक अस्वस्थ झाले असतील यात नवल नाही. मराठी ख्रिस्ती देवळांतून वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची अनेक गीते आहेत आणि ती आजही गायिली जातात.

अर्थात ते या वाटेवरचे पहिले नव्हते. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून १८५७ साली विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. पंडिता रमाबाई टिळकांच्याच काळात केडगावला निराधार स्त्रियांसाठी झिजत होत्या. परंतु ख्रिस्ती अनुभव आधुनिक मराठी कवितेच्या मध्य प्रवाहात आणून सोडला तो टिळकांनी. त्यांनी दोन हजारांहून अधिक कविता लिहिल्या असे सांगतात. फुलांवर आणि मुलांवर त्यांचे विलक्षण प्रेम. ‘वनवासी फूल’ ही त्यांची दीर्घ कविता, ‘बापाचे अश्रू’ हे अपत्यवियोगाचे काव्य, किंवा शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीची ‘केवढे हे क्रौर्य’ ही आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना शाळेत पाठ असलेली कविता, यांतले कारुण्य धर्माच्या कोणत्याही कुंपणात मावत नाही.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे एका सतरा वर्षांच्या लाजऱ्या मुलाने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजेच बालकवी. टिळकांनी त्यांना अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे सांभाळले. ठोमरे त्या ख्रिस्ती घरात राहिले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. कोणी त्यांच्या श्रद्धेला धक्का लावला नाही. मराठी निसर्गकवितेचा हा बहर एका धर्मांतरित कवीच्या अंगणात काही काळ जोपासला गेला, हे आपण विसरतो. बालकवी १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेखाली सापडून गेले. टिळक त्यानंतर जेमतेम वर्षभरच जगले.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली सुरू झालेल्या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यातूनही ते आपल्या मंडळीला स्वदेशाची आणि स्वावलंबनाची आठवण देत राहिले. मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी स्वतंत्र बुद्धीने उभी कशी राहणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न त्यांनी शेवटी स्वतःलाच विचारला. १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्तावर प्रेम करणारा आणि माणसाची सेवा करणारा प्रत्येक जण त्यांच्या दृष्टीने शिष्य होता. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी सारे आयुष्य उधळले, तोच आता बाप्तिस्म्याच्या रेषेपलीकडच्या लोकांना हाक मारत होता! त्यांच्या टीकाकारांना हा विसंगतपणा वाटला. मला वाटते, त्यांच्या सत्यशोधाचे हे पुढचेच पाऊल होते. एकदा ब्राह्मण्याची भिंत ओलांडलेला माणूस दुसऱ्या भिंतीआड स्वस्थ कसा बसेल?

तो दरबार फार दिवस चालला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह पुरण्याऐवजी त्याला अग्नी देण्यात आला आणि रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. जगताना त्यांनी जे सांगितले, तेच मरणानंतरही त्यांनी कृतीने सांगितले.

१९०९ साली आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. सुरुवातीचे काही अध्याय टिळकांचे. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीने हौसेने अक्षरओळख करून दिलेल्या या बाईने तो भार उचलला. आणि १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राने तर मराठी गद्याला एक लेणेच दिले. त्यात पतीची पूजा नाही आणि तक्रारही नाही. हसत हसत सांगितलेले सत्य आहे. टिळकांच्या सत्याग्रही जीवनाला एवढी सत्यनिष्ठ चरित्रकार लाभावी, हा त्यांचा सर्वांत मोठा सन्मान होय.

टिळकांचे दोष झाकण्याचे कारण नाही. ते लहरी होते, व्यवहारशून्य होते आणि घरच्यांना त्यांनी फार सोसायला लावले. आपण ज्या निर्णयाकडे निघालो आहोत त्याची नीट कल्पना पत्नीला आधी देणे त्यांना जमले नाही. ते जमले असते तर लक्ष्मीबाईंची वेदना कदाचित थोडी हलकी झाली असती. पण त्यांचा जो गुण आहे तो आज अधिकच दुर्मीळ झाला आहे. आपण जे मानतो ते का मानतो, हे त्यांनी स्वतःला विचारले. उत्तर मिळाल्यावर त्याची किंमत मोजली. आणि किंमत मोजूनही, ज्यांना ते उत्तर पटले नाही त्यांचा द्वेष केला नाही.

आपल्या वर्गात वारकरी घरातली मुले आहेत, आदिवासी पाड्यांवरून येणारी आहेत, १९५६ च्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणारी आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. एका बाकावर बसून आपण एकच पुस्तक वाचतो. परंतु श्रद्धेचा विषय निघाला की एक तर गप्प बसतो किंवा आवाज चढवतो. आधुनिकता म्हणजे श्रद्धा सोडणे असे काहींना वाटते. श्रद्धा म्हणजे प्रश्न सोडणे असे इतरांना वाटते. टिळकांचे आयुष्य या दोन्ही समजुतींना उत्तर आहे. त्यांनी प्रश्नही सोडले नाहीत आणि श्रद्धाही सोडली नाही. त्यांनी धर्म बदलला, पण शेजार बदलला नाही.

संध्याकाळी आसनगावच्या फलाटावर कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे असताना कधी तरी आगगाडीच्या डब्यातला तो प्रसंग आठवावा. अनोळखी माणसाला आदराने जागा करून देणे, त्याचे ऐकून घेणे, त्याने दिलेले पुस्तक निदान उघडून पाहणे. एवढ्याशा गोष्टीतून केवढे जीवन उमलले! आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचे सत्य आपल्याला पटेलच असे नाही. पण त्याला बसायला जागा करून देणे तर आपल्या हाती आहे ना?